आफ्रिकी वंशाच्या समाजांतील क्विल्ट आणि त्यांतील कथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेल्या गेलेल्या लोकांच्या वंशजांनी अमेरिकेत, दक्षिण अमेरिकेतील सुरिनामच्या जंगलात आणि गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही कापडाच्या तुकड्यांपासून वस्त्रे आणि पांघरुणे शिवली. आज त्यांपैकी काही मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत आणि त्यांच्याभोवती पुष्कळ कथा जमल्या आहेत. त्या कथांपैकी कोणत्या शिवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या तोंडून आपल्यापर्यंत आल्या आणि कोणत्या नंतर कोणीतरी तिच्या नावावर घातल्या, हा भेद पुढील उत्तरांत शक्य तितका स्पष्ट ठेवला आहे.

क्विल्ट म्हणजे नेमके काय? ती गोधडीपेक्षा वेगळी असते का?

अमेरिकी क्विल्ट सहसा तीन थरांची असते. वर दर्शनी थर, मध्ये कापसाचे किंवा लोकरीचे भरण आणि खाली अस्तर असते, आणि हे तिन्ही थर टाके घालून एकमेकांना जखडलेले असतात. दर्शनी थर दोन रीतींनी तयार होतो. एका रीतीत लहान तुकडे कडेला कड जोडून सलग कापड केले जाते, तर दुसरीत अखंड कापडावर माणसे, प्राणी, तारे असे आकार कापून शिवले जातात. या दुसऱ्या रीतीला अप्लिके म्हणतात. आपल्याकडच्या गोधडीत किंवा वाकळीत बहुधा जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोरा घातला जातो आणि निराळे भरण नसते. फरक एवढाच. झिजलेल्या कपड्यातून थंडीचे पांघरूण करण्याची गरज दोन्हीकडे सारखीच होती.

गुलामगिरीच्या काळात या क्विल्ट कोण शिवत असे आणि कोणासाठी?

मळ्यांवरच्या गुलाम स्त्रिया दोन प्रकारचे शिवणकाम करीत. मालकाच्या घरासाठी त्या नव्या, विकत आणलेल्या कापडाचे आणि मालकिणीने ठरवलेल्या नमुन्याचे नाजूक काम करीत. दिवसभराचे काम संपल्यावर रात्री स्वतःच्या झोपडीसाठी पोती, जुने कपडे आणि उरलेले तुकडे वापरून पांघरुणे शिवत. पहिल्या प्रकारच्या काही क्विल्ट टिकल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या मालकिणींच्या नावाने ओळखल्या गेल्या. दुसऱ्या प्रकारच्या जवळजवळ सगळ्या वापरून, धुऊन आणि फाटून संपल्या. त्यामुळे आज त्या काळाविषयी बोलताना वस्तूंपेक्षा आठवणींचा आधार अधिक घ्यावा लागतो. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या लेखक प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या २,३०० हून अधिक माणसांच्या मुलाखती नोंदवल्या, आणि त्यांत रात्री एकत्र बसून क्विल्ट शिवण्याच्या, त्या निमित्ताने होणाऱ्या गाण्यांच्या व जेवणाच्या आठवणी येतात.

शिवणकामाच्या बळावर स्वातंत्र्य विकत घेणाऱ्या स्त्रियाही होत्या. एलिझाबेथ केकली यांनी स्वतःची आणि मुलाची किंमत चुकवून गुलामगिरीतून सुटका करून घेतली आणि पुढे त्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवू लागल्या. त्यांच्या नावावर असलेली एक रेशमी क्विल्ट ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

हॅरिएट पॉवर्स यांचे नाव नेहमी सर्वांत आधी का घेतले जाते?

कारण त्यांच्या दोन क्विल्ट टिकल्या, आणि त्यांतील प्रत्येक चित्राचा अर्थ त्यांच्याच सांगण्यावरून लिहून ठेवला गेला. हे दोन्ही एकत्र घडणे फार दुर्मीळ आहे.

पॉवर्स यांचा जन्म १८३७ मध्ये जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावाजवळ गुलामगिरीत झाला. यादवी युद्धानंतर त्या आणि त्यांचे पती लहानसे शेत करून राहू लागले. १८८६ मध्ये अथेन्सच्या एका प्रदर्शनात त्यांची बायबलमधील प्रसंगांची क्विल्ट जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्स यांनी ती कोणत्याही किमतीला द्यायचे नाकारले. पुढे दिवस कठीण आले. काही वर्षांनी एका दुपारी त्या बैलगाडीतून स्मिथ यांच्या दारात उतरल्या. क्विल्ट मांडीवर होती, स्वच्छ पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली आणि वरून आणखी एका गोणपाटात घातलेली. त्यांनी १० डॉलर मागितले, स्मिथ यांच्याकडे ५ होते. पतीशी बोलून, दिवस वाईट आहेत म्हणून, त्यांनी ते ५ डॉलर घेतले, पण निघण्यापूर्वी एकेक चौकट समजावून सांगितली. नंतरही त्या आपली क्विल्ट पाहायला अधूनमधून येत राहिल्या.

स्मिथ यांनी ते वर्णन लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते की पहिल्या चौकटीत आदाम आणि हव्वा एदेन बागेत आहेत आणि साप हव्वेच्या कानाशी लागला आहे. तिथे हत्ती, उंट आणि शहामृगही आहेत. स्मिथ यांनी टिपलेला बारकावा असा की, चित्रात पाय फक्त एकाच प्राण्याला दाखवले आहेत, आणि तो म्हणजे ज्याला पाय नसतात तो साप. बायबलच्या कथेत सापाला सरपटण्याचा शाप नंतर मिळतो हे लक्षात घेतले, तर हा बारकावा चुकून आला असेल असे मला तरी वाटत नाही. एकूण ११ चौकटींत काइन आणि हाबेल, याकोबाचे स्वप्न, येशूचा बाप्तिस्मा, यहूदाची तीस चांदीची नाणी, शेवटचे भोजन असे प्रसंग येतात.

पॉवर्स निरक्षर होत्या असे फार काळ मानले गेले. त्यांनी १८९६ मध्ये लिहिलेल्या एका पत्राची नक्कल अलीकडच्या काळात उजेडात आली आणि त्या वाचू-लिहू शकत होत्या, शिवाय त्यांनी आणखीही क्विल्ट केल्या होत्या, हे स्पष्ट झाले. ‘भोळी, अडाणी लोककलाकार’ ही त्यांची ठरून गेलेली प्रतिमा त्यामुळे मोडली.

त्यांच्या दुसऱ्या क्विल्टमध्ये काय आहे?

१८९५ ते १८९८ च्या सुमारास केलेल्या या क्विल्टमध्ये १५ चौकटी आहेत. अटलांटा विद्यापीठातील प्राध्यापकांच्या पत्नींकडून ती एका धर्मोपदेशकाला भेट म्हणून १८९८ मध्ये दिली गेली. तिच्यात बायबलच्या कथांच्या शेजारी आकाशातील आणि हवामानातील घटना आहेत, आणि माझ्या मते तीच तिची सर्वांत विलक्षण बाजू आहे. १९ मे १७८० चा ‘काळा दिवस’ आहे, जेव्हा भर दुपारी अंधार पडून गुरे गोठ्यात बसली आणि कोंबड्या खुराड्यात गेल्या. १३ नोव्हेंबर १८३३ चा उल्कावर्षाव आहे, जेव्हा जगाचा अंत आला असे लोकांना वाटले. आणि १० फेब्रुवारी १८९५ चा कडाक्याच्या थंडीचा दिवस आहे: प्रार्थना करताना गोठलेली एक स्त्री, फाटकापाशी गोठलेली दुसरी, पिठाचे पोते घेतलेला एक पुरुष, दारूच्या सुरईजवळ गोठलेला आणखी एक, आणि श्वासाचे बर्फ होऊन मुखाशी लोंबणारे खेचर.

यांतील पहिल्या दोन घटना पॉवर्स यांच्या जन्मापूर्वीच्या आहेत. त्या त्यांनी कोणाकडून तरी ऐकल्या, म्हणजे तोंडी सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाला त्यांनी कापडावर जागा दिली. एका चौकटीत बेट्स नावाची डुकरीण आहे, जी जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळत गेली असे पॉवर्स यांनी सांगितले. गुलामगिरीतून उत्तरेकडे पळणाऱ्यांची ही आठवण असावी असे काही अभ्यासक मानतात. अर्थ आकर्षक आहे, पण पॉवर्स यांनी तसे सांगितल्याची नोंद नाही. त्यांनी सांगितले ते एवढेच की डुकरीण स्वतंत्र वृत्तीची होती.

ही कला थेट आफ्रिकेतून आली का?

या प्रश्नावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे. पश्चिम आफ्रिकेत अरुंद पट्ट्या विणून त्या कडेला कड जोडण्याची रीत जुनी आहे, आणि घाना व टोगो या भागांतील केंटे कापड हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. आजच्या बेनिनमधील अबोमे येथे राजदरबारासाठी अप्लिकेचे चित्रमय पडदे आणि ध्वज केले जात. पॉवर्स यांच्या आकृती त्या पडद्यांची आठवण करून देतात, आणि १९७० नंतर अनेक कला-इतिहासकारांनी उभ्या पट्ट्या, भडक विरोधी रंग, मुद्दाम मोडलेली सममिती आणि ऐन वेळी सुचेल तशी केलेली रचना ही आफ्रिकी वारशाची खूण मानली.

याला उत्तर देताना सेंट लुइसच्या इतिहासकार क्यूस्टा बेनबेरी (१९२३–२००७) आणि इतरांनी दाखवून दिले की कृष्णवर्णीय स्त्रियांनी सर्व प्रकारच्या क्विल्ट केल्या आहेत, अगदी मोजून-मापून केलेल्या रूढ नमुन्यांच्याही, आणि फक्त विस्कळीत दिसणाऱ्या क्विल्टच ‘अस्सल’ मानणे म्हणजे संग्राहकाची आवड समाजावर लादणे होय. शिवाय घानातील अशान्ती प्रदेशात केंटे विणण्याचे आणि अबोमेमध्ये अप्लिके शिवण्याचे काम परंपरेने पुरुषांचे होते, तर अमेरिकेत क्विल्ट प्रामुख्याने स्त्रियांनी शिवल्या. म्हणजे काही आठवण आली असेल, तर ती हातांबरोबर हात बदलत, नव्या गरजेत मिसळून आली. मला बेनबेरी यांची बाजू अधिक पटते.

सुरिनाममधील सारामाका समाजाचे उदाहरण येथे उपयोगी आहे. मळ्यांतून पळून जंगलात स्वतंत्र वस्ती करणाऱ्या गुलामांचे हे वंशज अरुंद पट्ट्या जोडून वस्त्रे शिवत. ती पाहताच केंटेची आठवण येते. परंतु त्यांच्यात दीर्घकाळ राहून अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांच्या मते ही रीत सुरिनाममध्येच बऱ्याच उशिरा घडली. साम्य दिसले म्हणून वारसा सिद्ध होत नाही.

जीज बेंड कुठे आहे आणि तिथल्या क्विल्ट इतक्या गाजल्या त्या कशामुळे?

अलाबामा राज्यातील विल्कॉक्स काउंटीत अलाबामा नदी मोठे वळण घेते. त्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली ही वस्ती आहे. १८१६ मध्ये जोसेफ जी या जमीनदाराने तिथे कापसाचा मळा वसवला, १८४५ मध्ये तो पेटवे कुटुंबाकडे गेला, आणि गुलामांना मालकाचे आडनाव चिकटल्याने आजही तिथली अनेक कुटुंबे पेटवे आहेत. गुलामगिरी संपल्यावर हेच लोक त्याच जमिनीवर वाट्याने शेती करू लागले.

१९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी मरण पावला आणि त्याच्या वारसांच्या वतीने आलेल्या माणसांनी थकबाकीपोटी गावातील अवजारे, जनावरे आणि साठवलेले धान्य उचलून नेले. गाव उपासमारीच्या तोंडाशी आले. पुढे रूझवेल्ट यांच्या काळात सरकारने जमीन विकत घेऊन ती कुटुंबांना हप्त्याने दिली आणि घरे बांधून दिली. दक्षिणेतील बहुतेक कृष्णवर्णीय शेतकऱ्यांकडे स्वतःची जमीन नव्हती, आणि लाखो लोक उत्तरेकडील शहरांत निघून जात होते. जीज बेंडमधील अनेक कुटुंबे मात्र टिकून राहिली, म्हणूनच आई, मुलगी आणि नात यांची शिवण एकाच गावात सलग पाहता येते.

मतदानाच्या हक्काच्या लढ्यात हे गाव आघाडीवर होते. नदीपलीकडचे कॅम्डेन हे काउंटीचे मुख्य ठिकाण. तिथे जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवू लागताच १९६२ मध्ये फेरीबोट बंद करण्यात आली आणि समोर दिसणाऱ्या गावी जायला तासाभराहून अधिक वळसा पडू लागला. मार्टिन ल्यूथर किंग १९६५ मध्ये इथे येऊन बोलले. फेरीबोट पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये. त्याच वर्षी या गावाच्या क्विल्टांची १० टपाल तिकिटे अमेरिकी टपाल खात्याने काढली.

क्विल्ट जगापुढे आल्या त्या २००२ मध्ये, ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयातील आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील प्रदर्शनामुळे. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. ही तुलना कौतुकाची होती खरी, पण ती वाचताना असे वाटत राहते की जणू चित्रकारांशी नाते सांगितल्याशिवाय या बायकांचे काम कला ठरत नव्हते. गावात आपापल्या नमुन्यांना नावे होती: मध्यापासून चौकोनामागे चौकोन वाढत जाणारा ‘हाउसटॉप’, विटांच्या रचनेसारखा ‘ब्रिकलेयर’, आणि सरळ लांब पट्ट्यांचा ‘लेझी गॅल’, म्हणजे आळशी पोरीचा. भरणासाठी जिनिंगच्या जमिनीवरचा वाया गेलेला कापूस झाडून आणत आणि काठीने झोडपून मोकळा करीत.

नुसत्या पट्ट्या आणि चौकोन असतील तर त्यात गोष्ट कशी असते?

मिझूरी पेटवे यांची १९४२ मधील क्विल्ट पाहावी. पती वारल्यावर त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून एक क्विल्ट शिवली. त्याची आठवण राहावी आणि प्रेमाने तिच्याखाली झोपता यावे, असे त्यांनी मुलीला सांगितले. मुलगी अर्लोन्झिया पेटवे यांनी हे पुढे अनेकदा सांगितले आणि त्यामुळेच ते आपल्याला माहीत आहे. क्विल्टमध्ये एकही आकृती नाही. विटून फिकट झालेली निळी आणि करडी विजार, सदऱ्याचे तुकडे आणि काही लाल-पांढरे कापड एवढेच आहे. मात्र कापडाचा रंग जिथे कमी उडालेला आहे ती जागा पूर्वी खिशाखाली होती, आणि गुडघ्याशी झिजलेल्या भागाला ठिगळ आहे. अशा ‘कामाच्या कपड्यांच्या’ क्विल्ट या गावात बऱ्याच शिवल्या गेल्या.

ही कथा कापड एकटे सांगत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मुलीची साक्ष नसती तर तज्ज्ञाला कापडाचा प्रकार, साल आणि झीज ओळखता आली असती, नवरा गेल्याचे कळले नसते.

पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवण्यासाठी क्विल्टमध्ये सांकेतिक खुणा होत्या, हे खरे आहे का?

याला ऐतिहासिक पुरावा नाही. ‘मंकी रेंच’ नमुना टांगला की अवजारे गोळा करावीत, ‘बेअर्स पॉ’ दिसली की अस्वलाच्या मागावरून डोंगर ओलांडावा, ‘फ्लाइंग गीज’ म्हणजे उत्तरेकडे जावे, अशी ही कथा आहे. तिला मोठी प्रसिद्धी मिळाली ती १९९९ मध्ये निघालेल्या एका पुस्तकामुळे. त्याचा मूळ आधार दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे क्विल्ट विकणाऱ्या एका स्त्रीने लेखिकेला सांगितलेली कौटुंबिक आठवण हा होता.

इतिहासकारांचे आक्षेप साधे आहेत. वर उल्लेखिलेल्या २,३०० हून अधिक मुलाखतींत असा संकेत येत नाही. फिलाडेल्फियात पळून आलेल्या शेकडो माणसांना मदत करून त्यांच्या हकिकती नोंदवून ठेवणाऱ्या विल्यम स्टिल या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने १८७२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांतही तो नाही. संकेतातील काही नमुने यादवी युद्धानंतरचे आहेत. आणि अशी एकही क्विल्ट आजवर पुढे आलेली नाही. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावरील, गुलामगिरीतून पळून पुढे तिच्याविरुद्ध लढणारे नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकाच्या आराखड्यात ही कथा घातल्याचे दिसताच इतिहासकारांनी जाहीर हरकत घेतली.

तरीही कथा शाळांतून शिकवली जाते, कारण ती मुलांना आवडते, शिकवायला सोपी आहे आणि गुलाम असहाय नव्हते हे सांगते. शेवटचा मुद्दा योग्यच आहे. परंतु पळून जाणाऱ्यांनी खरोखर काय केले, कोणत्या रात्री निघाले, कोणाच्या घरी थांबले, याच्या नोंदी विपुल असताना त्यांच्याऐवजी पुरावा नसलेली खूणगाठ शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

फ्रीडम क्विल्टिंग बी म्हणजे काय?

मताधिकाराच्या लढ्यात सहभागी झाल्यामुळे अनेक कुटुंबांना रोजगार आणि घरे गमवावी लागली. त्या पार्श्वभूमीवर १९६६ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकाच्या मदतीने विल्कॉक्स काउंटीतील स्त्रियांनी ही सहकारी संस्था काढली. एस्टेल विदरस्पून यांनी दीर्घकाळ तिचा कारभार पाहिला. न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाले, मोठ्या दुकानांकडून मागण्या आल्या, आणि १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले.

या यशाला दुसरी बाजू होती. दुकानांना प्रत्येक नग एकसारखा, ठरलेल्या मापाचा आणि बारीक टाक्यांचा हवा असे, त्यामुळे मनाला येईल तशी रचना करणाऱ्या हातांना तिथे फारसे स्थान नव्हते. मात्र उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायका घरी नेत, आणि जीज बेंडच्या १९७० च्या दशकातील काही अतिशय सुंदर क्विल्ट त्याच मोहरी आणि तपकिरी रंगाच्या कॉर्डरॉयच्या आहेत. संस्था २०१२ मध्ये बंद झाली.

फेथ रिंगगोल्ड यांनी या परंपरेत वेगळे काय केले?

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९३० साली जन्मलेल्या आणि २०२४ मध्ये निधन पावलेल्या रिंगगोल्ड प्रशिक्षित चित्रकार होत्या. कपडे शिवणे हा त्यांच्या आईचा, विली पोझी यांचा व्यवसाय होता, आणि रिंगगोल्ड यांच्या पूर्वजांत गुलामगिरीत क्विल्ट शिवणारी एक स्त्रीही होती. पहिली क्विल्ट त्यांनी १९८० मध्ये आईबरोबर केली. आत्मचरित्र छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा आपली गोष्ट क्विल्टवरच लिहावी असे त्यांनी ठरवले, आणि १९८३ पासून चित्राच्या कडेने हाताने लिहिलेला मजकूर असलेल्या ‘कथा-क्विल्ट’ त्या करू लागल्या. मोठी चित्रे गुंडाळून कुठेही नेता येतात, हा व्यावहारिक फायदाही त्यांनी मोकळेपणाने सांगितला आहे.

१९८८ च्या ‘टार बीच’ या क्विल्टमध्ये हार्लेममधील इमारतीच्या गच्चीवर झोपलेली आठ वर्षांची कॅसी रात्री जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडत जाते. तो पूल बांधण्यात तिच्या वडिलांचे श्रम आहेत, पण वंशामुळे त्यांना कामगार संघटनेत घेतलेले नाही. मुलगी उडून ती संघटनेची इमारतच वडिलांना देऊन टाकण्याचे ठरवते. शिवणारीचे म्हणणे दुसऱ्या कोणी लिहून ठेवण्यावर अवलंबून राहू नये, याची व्यवस्था रिंगगोल्ड यांनी क्विल्टमध्येच केली.

आज हे काम कोण करत आहे?

पुष्कळ जण. कॅरोलिन मॅझलूमी या विमान-अभियंत्या असलेल्या कलावतीने १९८५ मध्ये कृष्णवर्णीय शिवणकारांचे देशव्यापी जाळे उभे केले. न्यू जर्सीच्या बिसा बटलर जुन्या छायाचित्रांवरून आफ्रिकी छापील कापडांत माणसांची मोठी व्यक्तिचित्रे करतात. कॅलिफोर्नियात रोझी ली टॉम्पकिन्स या टोपणनावाने काम केलेल्या कलावतीने (१९३६–२००६) प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहून मखमलीत अद्‌भुत रचना केल्या. त्यांचा संग्रह करणाऱ्या इलाय लिऑन यांनी आफ्रिकी-अमेरिकी शिवणकारांच्या सुमारे ३,००० क्विल्ट बर्कली विद्यापीठाच्या संग्रहालयाला मृत्युपत्राने दिल्या.

भारतातील सिद्दींच्या कवंदीचा याच्याशी काय संबंध आहे?

पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून अनेक माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांपैकी काही पळून सह्याद्रीच्या जंगलात गेले, आणि आज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत त्यांच्या वंशजांच्या वस्त्या आहेत. ते हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांचे आहेत, घरात कोकणीचा एक प्रकार बोलतात आणि २००३ पासून अनुसूचित जमातींत गणले जातात.

सिद्दी स्त्रियांच्या पांघरुणाला कवंदी म्हणतात. तळाला जुनी साडी पसरून बाई एका कोपऱ्यातून सुरुवात करते. तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा, शेजारी पुढचा तुकडा ठेवायचा, असे करत ती कडेकडेने फिरत मध्याकडे येते. दर्शनी थर आधी जोडून घेण्याची अमेरिकी पद्धत इथे नाही. रचना आणि शिवण एकाच वेळी होतात, आणि म्हणून टाक्यांच्या ओळी एकात एक चौकोन करत आत जाताना दिसतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची लहान ‘फुले’ लावतात. फुलांविना कवंदी नागडी, असे या बायका मानतात. ख्रिस्ती घरांतील कवंदीवर कधी क्रूस असतो, मुसलमान घरांतील कवंदीवर चंद्रकोर.

शेजारच्या गावांतील इतर समाजही जुन्या कापडाची अशी पांघरुणे शिवतात. त्यामुळे कवंदीतील किती आफ्रिकेतून आले आणि किती घाटातच घडले हे सांगणे अवघड आहे, आणि सुरिनामविषयी जे म्हटले ते इथेही लागू आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कला-इतिहासकार हेन्री ड्रुअल यांच्या सहभागाने २००४ च्या सुमारास या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या शॉम्बर्ग केंद्रात त्यांच्या कवंदींचे प्रदर्शन झाले.

जंजिऱ्याचे सिद्दी तेच का?

मूळ आफ्रिकी, पण इतिहास निराळा. जंजिऱ्याचे सिद्दी आरमारी आणि लष्करी सेवेतून पुढे आलेले सत्ताधीश होते. कवंदी शिवणाऱ्या वस्त्या त्यांच्या वंशजांच्या नव्हेत.

या कामाचे पैसे आणि हक्क कोणाला मिळतात?

हा प्रश्न ५ डॉलरपासून सुरू होतो आणि अजून सुटलेला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन संस्थेने पॉवर्स यांच्या क्विल्टसह आपल्या संग्रहातील काही क्विल्टांच्या प्रतिकृती चीनमध्ये करून विकायला परवानगी दिली, तेव्हा अमेरिकेतील शिवणकारांनी देशभर निषेध नोंदवला. २००७ मध्ये जीज बेंडच्या तीन स्त्रियांनी संग्राहकांविरुद्ध मोबदला आणि नमुन्यांच्या हक्कांबाबत दावे लावले; ते २००८ मध्ये निकाली निघाले. २०२१ मध्ये ‘सोल्स ग्रोन डीप’ या प्रतिष्ठानाच्या आणि एका ना-नफा संस्थेच्या मदतीने गावातील अनेक शिवणकारांनी ‘एट्सी’ या विक्रीस्थळावर स्वतःची दुकाने उघडली, म्हणजे किंमत ठरवणे प्रथमच मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हातात आले.

कवंदीच्या बाबतीत परिस्थिती अजून कच्ची आहे. परदेशातील हौशी शिवणकार ‘कवंदी’ याच नावाने ही रीत शिकतात आणि शुल्क घेऊन शिकवतात. रीत कोणाच्या मालकीची नसते हे मान्य. पण शिकवताना यल्लापूर-हल्याळच्या बायकांचा उल्लेख करणे आणि शक्य तिथे त्यांची कवंदी विकत घेणे, एवढे तर कोणालाही करता येते.

या क्विल्ट प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

पॉवर्स यांची बायबल क्विल्ट वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात, तर दुसरी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. दोन्ही प्रथमच एकत्र मांडल्या गेल्या त्या २०२१ मध्ये, बॉस्टनला. जीज बेंडच्या क्विल्ट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासह अनेक संग्रहालयांकडे आहेत, पण प्रकाशाने कापड आणि रंग खराब होतात म्हणून त्या कायम मांडलेल्या नसतात. जाण्याआधी त्या वेळी काय पाहायला खुले आहे, याची संग्रहालयाकडे चौकशी करावी.